एकच सेन्सर ड्रायव्हर फ्रीआरटॉस आणि झेफर दोन्हीवर कसा चालवायचा

पुण्याच्या तपकीर गल्लीतून बीएमई२८० चा (तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर) मॉड्यूल आणायचा, फ्रीआरटॉसवर (मायक्रोकंट्रोलरवर चालणारी छोटी ओएस) ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा कोड, लिहायचा, तो छान चालतो, आणि मग हिंजवडीत नाहीतर भोसरीत पुढचा प्रोजेक्ट झेफरवर, म्हणजे तशाच दुसऱ्या ओएसवर, निघतो की लोक परत पहिल्यापासून लिहायला बसतात. कशाला पण? सेन्सर तोच, रजिस्टरं (सेन्सरच्या आतल्या वाचायच्या-लिहायच्या जागा) तीच, बदलली फक्त ओएस.

आधी ड्रायव्हरची फाइल उघडून ओएसचे कॉल कुठे कुठे आलेत ते शोधा, डिले (थांबणं), म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक), सेमाफोर (थांबलेल्या टास्कला, म्हणजे ओएसवर चालणाऱ्या एकेका कामाला, दिलेला सिग्नल), आयटूसी (सेन्सरशी बोलायची दोन तारांची बस), सगळं. मग एक छोटी हेडर फाइल करा, त्यात आपल्या नावाची पाच-सहाच फंक्शनं: थांब, लॉक घे, लॉक सोड, इंटरप्टमधून (हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवून चालवलेला कोड) सिग्नल दे, आयटूसी वाच, लिही. ड्रायव्हर फक्त हीच बोलावणार. हा सेन्सर बनवणाऱ्या बॉशचा स्वतःचा ड्रायव्हरपण असाच आहे, रीड, राइट आणि डिलेच्या फंक्शनचे पॉइंटर आपण बाहेरून द्यायचे.

आता प्रत्येक ओएससाठी एक पोर्ट फाइल, म्हणजे हीच फंक्शनं त्या ओएसच्या कॉलनी लिहिलेली, आणि खरं डोकं इथेच लावा. झेफरला डिले मिलिसेकंदात देता येतो, फ्रीआरटॉसला टिकमध्ये, म्हणजे ओएसच्या घड्याळाच्या ठोक्यांत, लागतो. टिक १०० हर्ट्झ असेल तर एक टिक १० मिलिसेकंदांचा, मग ५ मिलिसेकंद मागितले की भागाकारात शून्य टिक येतात, म्हणजे ड्रायव्हर थांबतच नाही आणि रीडिंग जुनंच मिळतं! म्हणून भागाकार वरच्या अंकाला न्या आणि वर एक टिक जास्त द्या, कारण पहिला टिक अर्धवट उरलेला असू शकतो.

इंटरप्टचंही तसंच. झेफरमध्ये सेमाफोर देणारा कॉल टास्कमधून आणि इंटरप्टमधून एकच, फ्रीआरटॉसमध्ये 'फ्रॉम आयएसआर' वालं वेगळं फंक्शन आहे आणि शेवटी यील्ड करावं लागतं (जाग्या झालेल्या टास्ककडे लगेच वळायला ओएसला सांगणं), नाहीतर टास्क पुढच्या टिकपर्यंत जागा होत नाही.

टास्क मात्र ड्रायव्हरमध्ये बनवूच नका, ते काम अ‍ॅप्लिकेशनचं. फ्रीआरटॉसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, झेफरमध्ये नेमकं उलटं.

हे झालं की लॅपटॉपसाठी तिसरा, खोटा पोर्ट नक्की लिहा, साधा अ‍ॅरे हीच रजिस्टरं. हेक्समध्ये डी० हे रजिस्टर (चिपचा ओळख-नंबर) वाचलं की हेक्समध्येच ६० यायला हवं, ते चुकीचं दिलं तर ड्रायव्हर एरर देतो का बघा, बोर्ड न जोडता कळतं.

आणि कायम झेफरवरच राहणार असाल तर यातलं काहीच करू नका, त्यात बीएमई२८० चा ड्रायव्हर आधीपासून आहे, तोच वापरा.