दहा मिनिटांचा धूमकेतू

सूर्याजवळून जाणारा धूमकेतू हुकतो, तो बहुतेकदा पूर्ण अंधाराची वाट बघत बसल्यामुळे. सातारा-सांगलीकडे सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो. एक अंशाला साधारण चार मिनिटं. सूर्य टेकताना धूमकेतू दहा अंश वर असेल, तर चाळीस मिनिटांत तोही बुडणार. पहिली वीस मिनिटं आकाश फार उजळ, शेवटची दहा क्षितिजाच्या धुरकटात. उरली मधली दहा.

म्हणून जागा आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश, तीन बोटं म्हणजे पाच. साताऱ्यातल्या गच्चीवरून पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आडवा येतो आणि नेमके कामाचे अंश खातो. त्यापेक्षा वर कासच्या बाजूला पठारावर जा. पहाटेचा धूमकेतू असेल तर मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर बरा. थंडीत कृष्णाकाठी धुकं बसतं, तिथे थांबण्यात अर्थ नाही. पाच अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा दहापट जाड हवेतून येतो. त्यात ऊसतोडीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूर मिसळला की चांगला ठळक धूमकेतूही पुसला जातो. परतीच्या पावसाची सर येऊन गेलेली संध्याकाळ मिळाली तर सोडू नका.

दुर्बीण ७×५० किंवा १०×५०, म्हणजे सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. त्याहून जास्त पट मोठं दाखवणारी नको, शोधताना चुकायला होतं. संधिप्रकाशात तारे नसतात आणि फोकस जरासा हलला तरी धूमकेतूचं फिकट डोकं गायब होतं. म्हणून आधी शुक्रावर, नाहीतर लांबच्या टॉवरच्या दिव्यावर फोकस पक्का करा. सूर्य मावळला ती जागा झाडाच्या किंवा खिंडीच्या खुणेने लक्षात ठेवून तिथूनच दुर्बीण फिरवत आडवे पट्टे घ्या, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून. मावळतीला उजळलेली विमानाची रेघ हमखास फसवते. तीन मिनिटं थांबा, ती सरकते किंवा विरते.

सूर्य वर असताना दुर्बीण त्या बाजूला अजिबात नाही. ग्रहणाच्या चष्म्याचाही उपयोग शून्य, त्यातून धूमकेतू दिसणारच नाही. पहाटे तर सूर्योदयाच्या पंधरा मिनिटं आधीचा गजर लावा आणि तो वाजला की दुर्बीण पिशवीत.

मोबाईल ट्रायपॉडवर, तीन सेकंदांचा टायमर, एक्स्पोजर एक ते दोन सेकंद. हातात धरून काढलेला फोटो हलणारच.

जायच्या आधी सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या लॅस्को सी३ कॅमेऱ्याची ताजी चित्रं बघा. त्यात सूर्याभोवती साधारण आठ अंशांपर्यंतचं दिसतं. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ आली म्हणजे तो कॅमेऱ्यासाठी फार तेजस्वी आहे. ग्रहांनाही ती येते, तेव्हा शेपटी तपासा. धूमकेतू वाचलाय की नाही हेही इथेच कळतं: २०११ चा लव्हजॉय सूर्याजवळून सुटून बाहेर आला, २८ नोव्हेंबर २०१३ ला आयसॉन विस्कटला. उलट सी/२०२३ ए३ (त्सुचिनशान-अ‍ॅटलास) हा धूमकेतू ९ ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास आपल्या आणि सूर्याच्या मधोमध आला, त्याच्या धुळीतून प्रकाश पुढे, म्हणजे आपल्याकडे, विखुरला आणि तो अचानक उजळला.

डोकं बुडालं तरी लगेच आवराआवर करू नका. शेपटी लांब असेल तर आकाश काळं पडत जातं तशी ती क्षितिजावर उभी दिसायला लागते, आणि त्यासाठी दुर्बिणीपेक्षा साधे डोळेच बरे.