साथीच्या मॉडेलला कंट्रोलर जोडताय? या चुका टाळा

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलेलं साथीचं एसआयआर मॉडेल (लागण होऊ शकणारे, संसर्गजन्य आणि बरे झालेले असे तीन गट) कंट्रोलवाल्याला, म्हणजे स्वयंचलित नियंत्रणाचं काम करणाऱ्या इंजिनिअरला, पहिल्या भेटीतच ओळखीचं वाटतं. तीन अवस्था, दोन दर, एक इनपुट. तासाभरात सिम्युलेशन उभं राहतं, त्याला फीडबॅक (रुग्णसंख्या बघून निर्बंध बदलणारा कंट्रोलर) जोडला जातो आणि आलेख सुंदर येतो. इतक्या सहज सुंदर आलेख आला, तर आधी संशय घ्यावा.

विलंब न धरणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, आणि नवशिके हमखास करतात तीही हीच. एक साधा प्लांट, म्हणजे जिच्यावर नियंत्रण ठेवायचं ती प्रणाली, घेऊ. वस्ती एक कोटी. संसर्गाचा दर बीटा रोज ०.५, बरं होण्याचा दर गॅमा रोज ०.२. म्हणजे आर-शून्य (सुरुवातीला एका रुग्णामागे सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) २.५ आणि सुरुवातीची वाढ रोज ०.३. कडक निर्बंधांनी बीटा ०.१ वर येतो आणि साथ रोज ०.१ दराने ओसरते. नियम असा: संसर्गजन्य माणसं १,००० च्या वर गेली की निर्बंध लावायचे, खाली आली की उठवायचे. विलंबाशिवाय चालवलं तर आलेख हजाराच्या रेषेला चिकटून राहतो.

आता मोजमापात १० दिवसांचा विलंब घाला. लक्षणं दिसायला ५ दिवस, तपासणी होऊन आकडा हाती यायला आणखी ५. खरी संख्या हजार होते त्या दिवशी पडद्यावर ५० दिसतात. पडद्यावर हजार उमटतात तेव्हा खरी संख्या २०,००० असते, कारण दहा दिवसांत ती ई-चा (२.७१८) घन, म्हणजे सुमारे वीसपट झालेली असते. तिथून हजारावर उतरायला ३० दिवस लागतात. ती बातमीही दहा दिवस उशिरा येते, तोवर संख्या ३७० पर्यंत घसरते. निर्बंध उठतात आणि सव्वातीन दिवसांत पुन्हा हजार. म्हणजे सुमारे ५३ दिवसांची एक लाट, आणि ती अशीच फिरत राहते. या लाटांचं खापर विषाणूवर फोडू नका, त्या तुमच्या कंट्रोलरने तयार केल्या आहेत.

यावर पहिला झटपट उपाय सुचतो तो उंबरठा खाली आणण्याचा. १०० करून बघा. शिखर २,००० वर येतं, पण लाट तेवढ्याच दिवसांची राहते आणि शिखर उंबरठ्याच्या वीसपटच राहतं. उंबरठा हलवून विलंब जात नाही.

लॉग न घेता ट्यूनिंग करणं

निर्बंध रुग्णसंख्येत बेरजेने येत नाहीत, बीटामार्फत तिला गुणतात. त्यामुळे रुग्णसंख्येवर थेट लावलेल्या पीआयडी कंट्रोलरचा (लक्ष्यापासूनचा फरक, त्याची बेरीज आणि त्याच्या बदलाचा दर बघून चालणारा) गेन, म्हणजे त्या फरकाला किती जोरात प्रतिसाद द्यायचा तो गुणक, ५० रुग्णांना मिळमिळीत आणि ५०,००० रुग्णांना राक्षसी ठरतो. रुग्णसंख्येचा नैसर्गिक लॉग घ्या. लागण होऊ शकणारी माणसं फारशी घटलेली नाहीत तोवर प्लांट म्हणजे एक इंटिग्रेटर (इनपुट साठवत जाणारा घटक) आणि पुढे डेड टाइम (नुसता विलंब). हे गणित पाठ्यपुस्तकातलं आहे. लूपचा एकूण गेन गुणिले विलंब हा गुणाकार १.५७ च्या खाली असेल तरच लूप स्थिर राहतो, आणि हेलकावे अजिबात नको असतील तर ०.३७ पर्यंतच जायचं. अगदी सीमेवर आंदोलनाचा काळ विलंबाच्या चौपट, इथे ४० दिवस.

१० दिवसांच्या विलंबाला म्हणजे एकूण गेन रोज ०.०३७. बीटा ०.५ ने भागलं की कंट्रोलरचा गेन ०.०७४ येतो. अर्थ असा, की रुग्ण दुप्पट झाले तर संपर्कातली कपात आणखी ५ टक्के बिंदूंनी वाढवायची, बस. हा आकडा बघून अधीर माणूस गेन पाचपट करतो आणि लूप १.५७ पार जातो. गेन कमी आहे म्हणून साथ हाताबाहेर जाईल ही भीती रास्त आहे, पण तिचं उत्तर फीडफॉरवर्डमध्ये, म्हणजे मोजमापाची वाट न बघता आधीच ठरवून दिलेल्या इनपुटमध्ये, आहे. आर-शून्य २.५ असेल तर साथ आहे तिथे धरून ठेवायला ६० टक्के कपात लागतेच. ती पायाभूत म्हणून आधी लावा, फीडबॅकला फक्त उरलेली चूक सावरू द्या. इंटिग्रल (चूक साठवून प्रतिसाद देणारा भाग) जोडणार असाल तर अँटी-वाइंडअप (मर्यादा गाठली की साठवणं थांबवणारी सोय) हवंच. कपात शंभर टक्क्यांच्या वर जात नाही, पण इंटिग्रेटरला ते कळत नाही आणि तो साठवत राहतो.

आणि हो, आठवड्याच्या सुट्ट्यांचा खड्डा भरायला मागच्या सात दिवसांची सरासरी घेतलीत, तर विलंबात ३ दिवस वाढले. १३ दिवस धरून एकूण गेन पुन्हा काढा, ०.०२८ येईल. ही सरासरी घेऊन जुनाच गेन ठेवणारे बरेच दिसतात.

बीटा आणि गॅमा एकाच आलेखातून काढणं

सुरुवातीच्या घातांकी वाढीत फक्त दोघांचा फरक दिसतो. रोज ०.३ वाढ गॅमा ०.२ धरून जुळते (आर-शून्य २.५) आणि ०.१ धरूनही जुळते (आर-शून्य ४). फिटिंग दोन्हीकडे तितकंच चांगलं, पण पायाभूत कपात पहिल्यात ६० टक्के आणि दुसऱ्यात ७५. ऑप्टिमायझर एक उत्तर देतो म्हणून ते खरं मानू नका. गॅमा रुग्णांच्या निरीक्षणातून ठरवून गोठवा, मगच बीटा फिट करा. सुप्तकाळ (लागण झाल्यापासून संसर्गजन्य होईपर्यंतचा काळ) गाळलात तरी आर-शून्य कमी दिसतो: वाढ रोज ०.१, सुप्तकाळ ३ दिवस आणि संसर्गकाळ ५ दिवस असेल तर एसआयआर १.५ सांगतं, सुप्तकाळ धरणारं एसईआयआर १.९५.

बाकीच्या, थोडक्यात

रोजचे नवे रुग्ण आणि आज संसर्गजन्य असलेले रुग्ण एक नव्हेत. पहिला प्रवाह, दुसरा साठा.

ऑयलर पद्धतीत (समीकरणं पायरीपायरीने सोडवण्याची सगळ्यात साधी रीत) एक दिवसाची पायरी नको. रोज ०.३ वाढीने ३० दिवसांत खरी वाढ ८,१०० पट, ऑयलर २,६०० पट दाखवतो. मी पायरी ०.१ दिवसाची ठेवतो आणि त्याहून अचूक रुंग-कुट्टा पद्धत वापरतो.

निम्मेच रुग्ण सापडतात हे लॉगमध्ये स्थिर ऑफसेट म्हणून निघून जातं. पण तपासण्या दोन आठवड्यांत दुप्पट झाल्या तर रोज ०.०५ ची खोटी वाढ दिसते. तपासण्यांचा आकडा शेजारी काढल्याशिवाय वाढीचा दर वाचू नका.

काल्मन फिल्टरला (गोंगाटी मोजमापांतून खऱ्या संख्येचा अंदाज काढणारी पद्धत) नॉइजचा एकच स्थिर व्हेरियन्स (चढउताराचं माप) देऊ नका, रुग्णांसोबत तोही वाढतो.

रुग्ण दहा-वीसच्या खाली गेले की सलग समीकरणं सोडा आणि यादृच्छिक मॉडेल चालवा. नाहीतर ०.००१ माणसातून दोन महिन्यांनी नवी साथ उभी राहिलेली दिसते.