नाताळच्या रात्री घरी कुठला पिक्चर लावायचा

डिसेंबरची २० तारीख उलटली की आमच्या फोंड्याच्या घरी पाहुणे सुरू होतात. गोव्यात राहणाऱ्या सगळ्यांनाच हे माहितीये, पुण्याचा मावसभाऊ, त्याची बायको-पोरं, कोल्हापूरची आत्या, सगळ्यांना नेमका नाताळातच गोवा बघायचा असतो. दिवसभर कळंगुट-बागा करून, ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास अडकून ही मंडळी रात्री घरी येतात, हातपाय धुतात, माशाची आमटी-भात जेवतात आणि मग कुणालाच परत बाहेर पडायचं नसतं. मग टीव्ही लागतो, आणि अर्धा तास नुसतं रिमोटने वर-खाली, हा बघितलाय, तो नको, ह्याचं रेटिंग कमी आहे, आणि तोवर पोरं सोफ्यावर झोपून गेलेली असतात. तीन-चार नाताळ असे वाया गेल्यावर मी पिक्चर आधीच ठरवून ठेवायला लागले. कसे ठरवते ते सांगते.

मी सगळ्यात आधी सोफा बघते, म्हणजे त्या रात्री तिथे कोण कोण बसणार ते. सगळ्यात लहान पोर किती वर्षांचं, सगळ्यात मोठं कोण, आणि सबटायटल कुणाला वाचता येत नाहीत. एवढं कळलं की निम्मे पिक्चर आपोआप बाद होतात. इंटरनेटवरच्या 'बेस्ट ख्रिसमस मूव्हीज'च्या याद्या मी नंतर उघडते, कारण त्या बनवणाऱ्याला आपल्या घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आणि पाच वर्षांची भाची एकाच पांघरुणात बसणार आहेत हे कुठून माहीत असणार.

ह्या दोघींसाठी मला सापडलेली सगळ्यात छान गोष्ट म्हणजे 'द स्नोमॅन'. १९८२ची ब्रिटिश ॲनिमेशन फिल्म, फक्त २६ मिनिटांची, आणि गोष्टीत संवादच नाहीत, मध्ये एक गाणं आहे तेवढंच. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, मध्यरात्री तो जिवंत होतो आणि दोघं उडत उडत जातात. सगळी चित्रं रंगीत खडूने काढल्यासारखी मऊ दिसतात. सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही सबटायटल नीट लागत नाहीत, इंग्रजी पिक्चरला त्या एरवी दहा मिनिटं बसतात आणि देवघराकडे जातात. ह्याला मात्र त्या शेवटपर्यंत बसल्या, भाचीला मांडीवर घेऊन स्वतःच गोष्ट सांगत राहिल्या, "बघ हं, आता त्याला घर दाखवतोय, आता बघ तो विस्तवाला घाबरला." शब्दच नव्हते म्हणून त्यांना त्यांचे घालता आले. फक्त एक लक्षात ठेवा, शेवट रडवणारा आहे, सकाळी बर्फ वितळलेला असतो. आमची भाची रडली. हळव्या पोराला आधी सांगून ठेवा की सकाळी तो स्नोमॅन नसणारे.

आता वेळ. हे गणित लोक करतच नाहीत आणि तिथेच सगळं बिघडतं. दिवसभर समुद्रावर उन्हात फिरलेलं पोर रात्री साडेनऊला बसलं तर फार तर दीड तास जागं राहतं, त्यामुळे मुलं असतील तर १०० मिनिटांच्या आसपासचा पिक्चर घ्यायचा आणि जेवणं व्हायच्या आधीच तो लावून पॉज करून ठेवायचा. 'होम अलोन' १०३ मिनिटांचा आहे, १९९०चा, आणि अजून एकदाही फसलेला नाही. पण त्यातली चोरांची धमाल शेवटी शेवटी येते, आधी बराच वेळ घरातली गडबड आणि एकट्या मुलाचं एकटेपण आहे, तेव्हा पहिल्यांदा बघणारी मुलं "मारामारी कधी?" विचारत बसतात, त्यांना थोडं थोपवून धरा. मला स्वतःला त्यातला चर्चमधला सीन सगळ्यात आवडतो, जिथे तो मुलगा ज्या शेजारच्या म्हाताऱ्याला घाबरत असतो तोच त्याच्या बाजूला येऊन बसतो आणि दोघं हळू आवाजात घरच्यांबद्दल बोलतात, मागे मुलं गात असतात. त्या सीनला तरी मोबाइल खाली ठेवायला सांगते मी सगळ्यांना. आणि हो, त्यात तो मुलगा टीव्हीवर जो जुना ब्लॅक अँड व्हाइट गुंडांचा पिक्चर लावतो तो खरा नाहीये, ह्या पिक्चरसाठीच शूट केलेला तुकडा आहे, आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी त्याचं नाव शोधत बसतं.

एकच बघायचा असेल आणि घरात सगळ्या वयाची माणसं असतील तर डोळे झाकून 'क्लाउस' लावा, २०१९चा. एक आळशी पोस्टमन उत्तरेकडच्या एका बेटावर पाठवला जातो, जिथे दोन घराणी पिढ्यान् पिढ्या भांडतायत आणि कुणीच कुणाला पत्र लिहीत नाही, आणि त्याला वर्षात ६००० पत्रं गोळा करायचीयत. मग जंगलात एकटा राहणारा खेळणी करणारा म्हातारा त्याला भेटतो. चित्रं हाताने काढलेली आहेत आणि त्यावर उजेड असा टाकलाय की कंदिलाचा पिवळा प्रकाश अंगावर आल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो ट्यूबलाइट बंद करूनच बघायचा. मी चार वेळा पाहिलाय, चारही वेळा शेवटी घशात आवंढा आला.

ज्या पिक्चरमध्ये नवरा-बायको, प्रेम, ऑफिस असं सगळं आहे तो घरच्यांसोबत लावायच्या आधी एकट्याने बघा, हे मी अगदी मनापासून सांगते. २००३चा 'लव्ह ॲक्च्युअली' सगळ्या याद्यांमध्ये असतो, लंडन, लाइट्स, गाणी, छान वाटतं ट्रेलर बघून, म्हणून मी सासू-सासरे, आत्या, सगळ्यांना बसवून तो लावला. त्यात एका जोडीची गोष्ट अशी आहे की ते दोघं पिक्चरमधल्या तसल्या सीनसाठी बदली कलाकार म्हणून काम करतात, उघडेच असतात. सासरे उठून पाणी प्यायला गेले आणि परत आलेच नाहीत, आत्या पूर्ण वेळ छताकडे बघत होती, आणि ती रात्र गेली ती गेलीच. पिक्चर वाईट नाही, नवरा-बायकोने बघायला खूप गोड आहे, पण पंगतीचा नाही. तसाच २०२४चा श्रीराम राघवनचा 'मेरी क्रिसमस', नाव बघून पोरांना घेऊन बसू नका, तो रहस्यपट आहे, जुन्या मुंबईतली नाताळची एक रात्र, पोरं झोपल्यावर मोठ्यांनी बघायचा. मारधाडीच्या 'डाय हार्ड'चंही तेच, भाऊ लोक त्याच्यावर दरवर्षी वाद घालतात की हा नाताळचा पिक्चर आहे की नाही, १९८८मध्ये तो अमेरिकेत जुलैमध्ये लागला होता पण गोष्ट ख्रिसमस ईव्हचीच आहे, तेव्हा माझं मत विचाराल तर आहे.

मैत्रीण म्हणते गोव्यात पंखा दोनवर ठेवून बर्फाचे पिक्चर काय बघायचे, फील येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या शेजारच्या आंटी दरवर्षी गोठा करतात, बाळ येशू, गाई-मेंढ्या, आणि वर कापसाचा बर्फ पसरतात, त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. आणि पिक्चरमधला तरी कुठे खरा असतो? 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात शूट झाला, नट घामाने निथळत होते आणि अंगावर ओव्हरकोट. तोवर सिनेमात बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे, ते पायाखाली कुरकुर वाजायचे, म्हणून ह्या पिक्चरसाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून बर्फ केला. हे सांगून मगच मी लोकांना तो पिक्चर दाखवते, घामेजलेल्या गोव्यात तो लगेच जवळचा वाटायला लागतो.

बर्फ नकोच असेल तर आपल्याकडचे घ्या. २५च्या रात्री शेजारी बसायला येतात तेव्हा मी इंग्रजी लावतच नाही. 'बातों बातों में', १९७९, बांद्र्याचं ख्रिश्चन घर, लोकल ट्रेनमध्ये जमलेलं प्रेम, अमोल पालेकर, सासूबाईंनाही कळतो आणि आंटींनाही. नाताळचा म्हणून नाही, पण असं खरंखुरं घर पडद्यावर फार कमी बघायला मिळतं. आणि मिळाला तर कोंकणी 'नाचुंया कुंपासार', मुंबईच्या क्लबांमध्ये वाजवणाऱ्या गोंयकार वादकांची गोष्ट, गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी यांची गाणी. तो लावला तेव्हा आंटी नेवरी, म्हणजे करंजी, हातात तशीच धरून सगळी गाणी म्हणत होत्या, पिक्चर बाजूलाच राहिला, पण चालतं.

बाकी तयारी थोडक्यात. आमच्याकडे २४पासून रात्री नेट रांगतं, म्हणून पिक्चर दोन दिवस आधी डाउनलोड करून ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र जास्त सुळसुळीत करणारं जे मोशनचं काहीतरी असतं ते बंद करा, त्याने जुने पिक्चर सिरियलसारखे दिसतात. डब ऑडिओ खरंच आहे का ते प्ले करून बघा, नुसत्या लेबलवर विश्वास नको. सहाच्या आत खिडक्या लावून घ्या नाहीतर डास. आणि खाणं असं हवं जे न बघता खाता येतं, दोदोल चिकटतो, रिमोटची वाट लागते, कुलकुलां बरी.

२४ची रात्र मात्र मी 'इट्स अ वंडरफुल लाइफ'लाच ठेवते. १३० मिनिटांचा आहे, ब्लॅक अँड व्हाइट, सुरुवात संथ, त्यामुळे पोरं झोपल्यावरच. बरोब्बर ९.५०ला लावायचा, मध्ये चहासाठी थांबायचं नाही. शेवटचा सीन ख्रिसमस ईव्हचा आहे, घर माणसांनी भरलेलं, आणि झाडावरची छोटी घंटा वाजते. तेव्हा घड्याळात बारा वाजत आलेले असतात. गेल्या वर्षी तेवढ्यात आमच्या इथल्या चर्चची घंटा सुरू झाली, सासूबाई अर्धवट झोपेत म्हणाल्या, "टीव्हीतली का गं?" मी टीव्ही बंद केला आणि खिडकी उघडली.