डिक्कीत पाणी येऊन राहिलं? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

मृगाचे पहिले दोन-चार दणके पडले की माझ्या गॅरेजवर हमखास एक गाडी येतेच, डिक्की उघडली की कुबट वास, स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी, जॅक-पाना गंजलेला, आणि मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, बीडिंग गेली वाटते, बदलून टाका लवकर, मले यवतमाळले जायचं हाय." बीडिंग म्हणजे डिक्कीच्या तोंडाभोवतीचं रबर. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी डेंटिंग-पेंटिंग करतो, इंजिनचं काम माझं नाही, पण पत्रा, काच, रबर आणि गळती हे सगळं माझ्याच कपाळी येतं. बहुतेक गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा मूळ गळतीपेक्षा मालकानं केलेला उपायच जास्त निस्तरावा लागतो. म्हणून लिहून ठेवतो.

पहिली चूक, आणि यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण माझं डोकं यानंच जास्त फिरतं: जिथं थेंब दिसला तिथं सिलिकॉन फासणं.

दोन पावसाळ्यांआधीची गोष्ट. दिग्रसकडच्या एका खेड्यातले गुरुजी, पांढरी सेडान, नऊ-दहा वर्षं जुनी पण जिवापाड सांभाळलेली. डाव्या बॅकलाइटच्या मागून थेंब पडताना त्यांनी स्वतः पाहिला होता, त्यामुळे पाणी तिथूनच येतं याची त्यांना पक्की खात्री. हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमच्या फटी भरायची ट्यूब आणली आणि लाइटच्या चारी बाजूनं फासली. पाणी आलंच. दुसरी ट्यूब आतून फासली. पाणी आलंच. तिसरी ट्यूब डिक्कीच्या अख्ख्या कडेला आणि आत कोपऱ्यात एक प्लास्टिकची जाळी दिसली तिच्यावरही थापली. मग आठ दिवसांची झड लागली. दुबार पेरणीसाठी आणलेली सोयाबीनची बॅग डिक्कीतच राहिली होती, ती खालून भिजून फाटली. गुरुजींनी गाडी आणली आणि मी स्टेपनी वर उचलली तर खाली गुलाबी पाणी, बियाण्याला लावलेल्या औषधाचा रंग उतरलेला, आणि त्या पाण्याच्या काठाकाठानं सोयाबीनला चांगले बोट-बोट लांब कोंब. शेतात उगवलं नाही ते डिक्कीत उगवलं म्हणून गुरुजीच हसले, मी काही हसलो नाही, कारण ते सिलिकॉन मलाच खरवडायचं होतं.

अर्धा दिवस गेला त्यात. ब्लेड, थिनर, चिंधी. सगळं काढलं, लाइट कोरडा करून नुसता बसवला आणि पाण्याचा पाइप हळू सोडून खालून सुरुवात केली. बम्परच्या वर पाच मिनिटं, काही नाही. लाइटवर दहा मिनिटं, एक थेंब नाही! डिक्कीच्या झाकणाची कड, मागची काच, काही नाही. मग पाइप टपावर धरला, तिथं टपाच्या दोन्ही बाजूला लांब काळी रबरी पट्टी असते ना, त्या खाचेत. पंधरा-वीस मिनिटांनी आत बसलेला पोरगा ओरडला, "आलं आलं!" पाणी टपाच्या खाचेतून मागच्या खांबात शिरत होतं, खांबातून आतल्या आत चाकाच्या कमानीवर उतरत होतं आणि तिथून सरकत येऊन बॅकलाइटच्या नटावरून टपकत होतं. टपाची पट्टी उचलली तर खाली पत्र्याच्या जोडावर कंपनीनं लावलेलं सीलंट उन्हाळ्यात काळं रान फाटतं तसं फाटलेलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत गाडी उभी असते, वर्षानुवर्षं, कोणतं रबर आणि कोणतं सीलंट टिकेल.

जुनं उकरून काढलं, घासलं, उघडा पत्रा दिसला तिथं प्रायमर मारला, गाडीच्या जोडांचं पीयू सीलंट (पॉलियुरेथेनचं, वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारं) भरलं, रात्रभर वाळू दिलं, पट्टी परत बसवली. झालं. दोन वर्षं डिक्की कोरडी आहे.

पाणी पत्र्याच्या कडेकडेनं चालत जातं. जिथं पडतं आणि जिथून शिरतं त्यात चार-चार फुटांचं अंतर असू शकतं. आणि ते बाथरूमवालं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला तेच गंज चढवतं. वरून आमच्यासारख्या पेंटरचा वेगळाच ताप: सिलिकॉनचा नुसता हात लागलेल्या जागीही रंग नीट धरत नाही, फिश आय, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखे बारीक गोल खड्डे, पडतात, सगळं पॅनल परत घासा. त्यामुळे माझ्याकडे कोणी ट्यूब घेऊन आलं की मी आधी ट्यूब जप्त करतो.

गुरुजींनी जी जाळी बुजवली होती ती म्हणजे हवा बाहेर जायची वाट. मागच्या बम्परच्या आड, एका किंवा दोन्ही बाजूला असते, तिला पातळ रबरी झडपा असतात, दार लावलं की आतली हवा तिथून निघते. ती बुजवली की दार जोरात आपटावं लागतं आणि पावसात काचांवर वाफ धरते. या जाळीच्या भोवतीचा फोम सडला तर तिथूनही पाणी येतं, नाही असं नाही. पण मग बम्पर काढून फोम बदलायचा, झडपा बुजवायच्या नाहीत.

दुसरी चूक: वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरनं पाणी मारून "टेस्ट" करणं. अरे बाप्पा, त्या प्रेशरनं चांगल्या बीडिंगमधूनही पाणी जाईल. पावसाला तेवढा जोर नसतो. साधा बागेचा पाइप, तोंडाला काही न लावता, आणि खालून वर. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडेच ओघळतं, मग काय कळणार. एका जागी किमान पाच मिनिटं, टपावर त्याहून जास्त. लोकांना हेच जमत नाही. दोन मिनिटं पाणी मारतात, मोबाइल पाहतात, "इथं काही नाही" म्हणून पुढे.

आतून पाहायला माणूस बसवायचा तर मागची सीट पाडून बसवा, टॉर्च देऊन. लहान पोराला डिक्कीत कोंबून वरून झाकण लावणारे महाभाग पाहिलेत मी, असं करू नका, लॉक अडकलं तर काय करणार.

डिक्कीचं कार्पेट आणि बाजूचं अस्तर न काढताच शोधायला बसणं ही तिसरी. अस्तराच्या आत पाणी कुठून येतं ते देवालाही दिसणार नाही. सगळं बाहेर काढा, पत्रा कोरडा पुसा, त्यावर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. पाणी जिथून आलं तिथून पावडरीत नागमोडी रेघ पडते, तिचा माग वरपर्यंत काढा.

आणि आपल्या भागात तर त्याहून सोपी गोष्ट आहे जी कोणीच पाहत नाही. धूळ. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं शेतावर जाऊन आलात की डिक्की उघडून रबराच्या आतल्या बाजूला बघा. जिथं धुळीची जाड रेघ बसलीय तिथं रबर टेकत नाही. धूळ येते तिथून जुलैमध्ये पाणी येणारच. मी माझी स्वतःची गाडी मे महिन्यातच अशी पाहून घेतो, मग जूनमध्ये धावपळ नाही.

बीडिंग बदलायची घाई हीसुद्धा चूकच, आणि ही मी स्वतः शिकाऊ असताना केलीय, म्हणून मान्य करतो. गिऱ्हाइकाची बीडिंग बदलली, पैसे घेतले, आठव्या दिवशी गाडी परत. रबर चांगलं होतं, मागून ठोकर बसून झाकण एका बाजूनं उचललं गेलं होतं एवढंच. आता मी आधी कागद लावून पाहतो. कागदाची पट्टी झाकणात धरून झाकण बंद करायचं आणि ओढायची, घट्ट निघाली तर रबर टेकतं, सरकन निघाली तर नाही. चारही बाजूनं. बऱ्याचदा नुसती लॉकची कडी थोडी खाली घेतली की भागतं. बीडिंग खरंच चपटी किंवा कडक झाली असेल तरच नवी, आणि नवी बसवताना तिचा जोड खाली मधोमध घ्या, वरच्या कोपऱ्यात नको.

ठोकर बसलेल्या, नंतर स्वस्तात ठोकून घेतलेल्या गाडीचा तर प्रश्नच वेगळा. वरून रंग चकाचक, पण आत जोडावर सीलंटच भरलेलं नाही. जुनी गाडी घेताना स्टेपनी उचलून तिथला जोड पाहा, कंपनीचं सीलंट एकसारखं असतं, हातानं भरलेलं लगेच ओळखू येतं.

आता नंतर लावलेल्या वस्तू. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर सरळ डिक्कीच्या रबरावरून आत घेतलेली मी दर महिन्याला पाहतो, वायरच्या दोन्ही बाजूला रबर उचललं जातं आणि पाणी वायर धरून आत येतं. वायर ग्रोमेटमधूनच, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसणाऱ्या रबरी कड्यातूनच, घ्या, आणि बाहेर तिला एक झोळ सोडा म्हणजे पाणी झोळातूनच खाली गळतं. स्पॉयलरचे स्क्रू, टपावरच्या अँटेनाचा बूड, हॅचबॅकमध्ये मागच्या वायपरची दांडी आणि तिथं जाणारी पाण्याची बारीक नळी, हेही बघा. ती नळी आतच निसटली असेल तर पाऊस नसतानाही डिक्की ओली, आणि माणूस पावसाला शिव्या देतो.

गॅस किटवाल्यांनी नीट ऐका. टाकीच्या नळ्यांसाठी डिक्कीच्या तळाला भोकं पाडलेली असतात, त्यांच्या कडेनं पाणी आणि चिखल येतो. कडेला सीलंट भरा, पण नळीचं तोंड बुजवू नका, गॅस गळला तर तो बाहेर जायची वाट तीच आहे. एकानं ती एम-सीलनं बंद करून आणली होती. मी त्याच्यासमोरच फोडली.

तळाचे रबरी बूच काढून ठेवणं म्हणजे उपाय नव्हे. "पाणी आलं तं निघून जाईन" म्हणतात. खालून चाकाचं पाणी उडतं, आणि आपल्याकडे उंदीर येतो. उंदीर आला की वायरिंग गेलं.

काम झालं की ओला नमदा, म्हणजे कार्पेटखालचा जाड थर, तसाच परत टाकू नका. वरून कोरडा लागतो, आतून पिळला तर ग्लासभर पाणी निघतं. ऊन असेल तर दोन दिवस उन्हात, झड असेल तर घरात टेबल फॅनपुढे. पत्र्यावर गंज आला असेल तर तो आधी घासून घ्या.

मी शेवटी स्टेपनीच्या खड्ड्यात जुना पेपर अंथरून देतो आणि सांगतो, एक जोराचा पाऊस होऊ द्या मग बघा. पेपर ओला झाला तर कोणत्या बाजूनं ओला झाला त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि गाडी घेऊन या. मध्ये कुठं थांबून ट्यूब लावायची नाही.