शिध्याची पिशवी कशी भरावी
आमच्या सोसायटीत अडलेल्या घरांसाठी दर महिन्याला शिधा जमतो. पिशव्या मी भरते. पहिल्या खेपेला नुसते तांदूळच आले! प्राधान्य कार्डावर रेशनला माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, अंत्योदयला घरटी 35. म्हणून आधी कार्ड आहे का ते विचारा. नसेल तर गहू-तांदूळ द्या. असेल तर लिटरभर तेल, 2 किलो तूरडाळ, शेंगदाणे, चहा-साखर, तिखट-मीठ, कपड्यांचा साबण. सॅनिटरी पॅड न विचारता ठेवा, तोंडाने कोणी मागत नाही. डाळीत पोरकिडे आहेत का बघा (काही जण दानाच्या नावाखाली फडताळ साफ करतात). पिशवी अंधार पडल्यावर, एकट्यानेच नेऊन द्या. फोटो काढायचा नाही.