सुगीनंतर नवी मुंबईत आलेल्यांसाठी

सुगी उरकली की आमच्या कोपरखैरण्यात गावाकडून नवीन बिऱ्हाडं यायला लागतात. माण-खटावची, पाटणची, जावळीची, तिकडे शिराळ्याची. नवरा बाजार समितीत माथाडी. आधी वर्ष-दोन वर्षं चुलत्याकडे नाहीतर गाववाल्यांच्या खोलीत काढलेली. मग एका सकाळी बायको येते, सोबत ट्रंक, दोन वाकळा, जोंधळ्याचं पोतं आणि कडेवर लेकरू. मी १९९९ च्या फेब्रुवारीत अशीच आले. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी जिथे ठेचकाळले, तिथेच शेजारची नवी सून आजही ठेचकाळताना दिसते आणि जीव तुटतो. म्हणून लिहिते.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. रेशनकार्डावर नाव चढवून घ्या, पोरांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि लसीकरणाचं कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर ठेवा. पाणी मोरबे धरणाचं, नळाला येतं. टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या बाईच्या हातून नळ उघडा राहत नाही. ती सवय इथे आल्यावर मोडू नका.

मला सांगायचंय ते संक्रांत ते होळी या सात-आठ आठवड्यांबद्दल. नव्याने आलेली बाई हे दिवस खोलीत बसून, गावाची आठवण काढत घालवते. मीही तसंच केलं. आणि नेमके हेच दिवस इथे हाताच्या कामाला आणि पायाला चांगले असतात. गावाकडे थंडी हळूहळू ओसरते. इथे पहाटे चादर लागते, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर त्याच दिवशी दुपारी पंखा लावावा लागतो. होळी झाली की हवा चिकट होते. मग चार महिने पावसाचे, आणि त्यात कपडासुद्धा वाळत नाही. म्हणजे वाळवायचं, कुटायचं, शिवायचं जे काही आहे ते आत्ता.

घर घेताना किंवा भाड्याने बघताना दक्षिणेची खिडकी कुठे आहे ते बघा. या महिन्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या ग्रिलमध्ये सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन पडतं. मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो आणि त्याच ग्रिलमध्ये उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही. गावाकडे कुरडया-पापड चैत्र-वैशाखात घालतो, म्हणून मी पहिल्या वर्षी एप्रिलपर्यंत थांबले. गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, वाटून चीक काढला, शिजवला, सोऱ्याने कुरडया घातल्या. पण ग्रिलमध्ये ऊनच नाही. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, आणि ते सुट्टीवर. कुरडयांना आंबूस वास सुटला. तेव्हापासून आमच्याकडे महाशिवरात्रीच्या आत कुरडया डब्यात असतात.

आता जोंधळ्याचं. हे नीट वाचा.

आल्याच्या चौथ्या वर्षी सासऱ्यांनी नव्या शाळूची दोन क्विंटल ज्वारी टेम्पोत घालून पाठवली. वर्षाची बेगमी. शाळू मोत्यासारखा होता. आम्हाला कोण आनंद. चार पोती बाल्कनीच्या भिंतीला टेकवून, खाली नुसतं गोणपाट घालून रचली. गावाकडे माळवदाच्या घरात आमची पोती तशीच असायची, कधी काही झालं नव्हतं. जुलैत एका दुपारी पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं. धान्य आतून तापलं होतं. मागची भिंत पावसाने पाझरत होती, आणि भिंतीकडची सगळी बाजू काळपट पडून तिला बुरशीचा वास येत होता. उरलेल्यात टोके, म्हणजे धान्यातले किडे, झालेले. चाळून, निवडून, ऊन मिळेल तिथे पसरून चाळीसेक किलो वाचलं. बाकीचं फेकलं. सासऱ्यांना मी दिवाळीपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. पावसाने दगा दिलेल्या वर्षातलं धान्य होतं ते.

तर वर्षाचा जोंधळा इथे आणू नका. तीन महिन्यांपुरता आणा, बाकीचा गावी कणगीत राहू द्या. जत्रेला, दिवाळीला जाल तेव्हा थोडा थोडा आणा. आणलेला शाळू फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात पुन्हा दोन-तीन दिवस द्या, मळणीनंतर गावी वाळवलेला असला तरी. दाणा दाताखाली धरून बघा: कट्टकन फुटला पाहिजे, नुसता चेपला तर अजून ऊन हवं. ऊन दिल्यावर धान्य पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच पत्र्याच्या कोठीत भरा. गरम भरलंत तर झाकणाला आतून पाणी सुटतं. कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घाला. कोठी फळीवर किंवा विटांवर ठेवा, आणि भिंतीपासून हातभर लांब. सासू रागावली तरी, नवरा म्हणाला “एवढं काय होतंय” तरी, वर्षाचा जोंधळा आणू नका.

चटणीचं सोपं आहे. फेब्रुवारीपासून बाजार समितीच्या मसाला मार्केटमध्ये नवी मिरची येते. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी किंवा गुंटूर. संकेश्वरी मिळाली तर तीच, आपल्या तोंडाला ती बसते. देठं काढून दोन दिवस ऊन द्या. डंकावर कुटून घ्या, चक्कीवर दळू नका. चक्कीत मसाला तापतो आणि वास उडतो. कांदा-लसूण चटणीतला कांदा तळून कोरडा झाला नसेल तर पावसाळ्यात तिला बुरशी येतेच.

वाकळेबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण नव्या मुली ती शिवायचीच सोडतात. दुकानात रंगीत ब्लँकेट स्वस्त मिळतं आणि वाकळ गावंढळ वाटते. पण पॉलिएस्टरच्या ब्लँकेटमध्ये इथल्या हवेत पहाटेपर्यंत लेकरू घामेजतं. इथे गावच्यासारखी पाच-सहा पदरांची वाकळ लागत नाही. वर-खाली मऊ सुती लुगडं आणि मध्ये जुन्या धोतराचा एक पदर, एवढी पुरे. वजनाला हलकी होते, बादलीत धुता येते आणि एका उन्हात वाळते.

कापड सुतीच घ्या. सिंथेटिक साडी सुईखाली घसरते, पदर एकमेकांवरून सरकतात आणि सहा महिन्यांत आतला पदर गोळा होतो. लुगडं धुऊन, पिळून, वाळवून मगच घ्या, नाहीतर शिवल्यावर आतलं आटतं आणि बाहेरचं फुगतं. जमिनीवर अंथरा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, मी वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा ठेवते. आधी मधून कडेपर्यंत लांब कच्चे टाके घाला, ते शेवटी उसवायचे आहेत. मग कडेपासून धावदोरा सुरू करा आणि चौकोनात चौकोन घेत आत या. दोन ओळींत बोटभर अंतर. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा ओढून घेतलात तर तो गुंतत नाही. रोज पन्नास हात घालणार म्हणून बसू नका. दुपारी भांडी झाल्यावर एक कड, बास. महिनाभरात वाकळ होते.

आमच्या खोलीत जमीन पुरत नव्हती. शेवटी गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या मंडपात आम्ही चौघी दुपारी दोन ते चार बसायला लागलो. एक पाटणची, एक शिराळ्याची, एक जालन्याकडची आणि मी. टाका प्रत्येकीचा वेगळा. जालन्याची बाई इतका बारीक टाका घालायची की उलटीकडून बघितलं तर सुलटी कुठली ते कळायचं नाही. पोरं वाकळेवरच लोळायची, त्यांना उठवत उठवत ओळ पुढे न्यायची. या शहरात माझं पहिलं माणूस त्या मंडपात जोडलं गेलं.

आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, राग मानू नका. वीस वर्षं इथे राहून ज्यांनी खाडी बघितलेली नाही अशी घरं मला माहीत आहेत. सुट्टी आली की गाडी पकडून गाव, आणि गावाला गेलं नाही तर टीव्ही. पोरांना गाव दाखवावं, जरूर. पण ती जन्मली इथे. त्यांना इथला डोंगर आणि इथलं पाणी कोण दाखवणार?

फेब्रुवारीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला न्या. पांढरट-गुलाबी, बांबूसारख्या पायांचे. कच्छच्या रणाकडून येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीला वनखात्याचं जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने नेतात. पायी बघायचे तर नेरूळला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ जागा. पण कधीही उठून गेलात तर नुसता चिखल दिसेल आणि पोरं कंटाळतील. पहिल्या दोन खेपा आमच्या अशाच वाया गेल्या.

वेळ मला दिवाळे गावच्या एका कोळीण मावशींनी शिकवली. माझ्यासमोर बोंबील निवडत निवडतच सांगितलं त्यांनी: तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पाव-अर्धा तास इकडे-तिकडे होतो. भरती चढायला लागली की खाडीतला चिखल बुडतो आणि पाखरं काठाकडे, आतल्या तळ्यांकडे सरकतात. आपल्याकडे एकादशी कुणाला सांगावी लागत नाही. तेव्हा माघातल्या कुठल्याही एकादशीला सकाळी सातला तिथे पोचा, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा आणि गप्प उभे राहा. माझ्या धाकट्याने चार वर्षांचा असताना विचारलं होतं, “आई, ती डोकं उलटं का धरतात?” नीट बघितलं तर खरंच, चोच उलटी करून पाण्यात घालतात, पाणी गाळून शेवाळ आणि बारीक किडे खातात, आणि पायाने चिखल ढवळत जागच्या जागी फिरतात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. करडी दिसतात ती पिल्लं.

डोंगराचं म्हणाल तर कर्नाळा. पनवेलहून एसटीने अर्ध्या तासाच्या आत. काटेसावर आणि पांगारा आत्ता फुललेले असतात, पान एक नाही आणि झाड लाल. सकाळी साडेसातच्या आत चढायला लागा, दहानंतर कातळ तापतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या. येऊरला जायचं तर ठाण्याची गाडी आहेच. मी आले तेव्हा इथून ठाण्याला रेल्वे नव्हती, २००४ मध्ये सुरू झाली. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, बिबटे आहेत, अंधार पडायच्या आत बाहेर पडा. आणि कुठेही गेलात तरी काडी पेटवू नका, बिडीसुद्धा नाही. गवत वाळून कोळ झालेलं असतं, वणवा एका ठिणगीने लागतो.

मावशींवरून आठवलं. आपली माणसं इथल्या आगरी-कोळ्यांबद्दल “लोकल लोक” म्हणून तुटक बोलतात, ते मला सहन होत नाही. आपण राहतो ती जमीन त्यांची भातशेती आणि मिठागरं होती. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या जासईला याच जमिनींसाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना आली. दुष्काळाने आपली जमीन सुटली, शहराने त्यांची. गावठाणातल्या बाईला मावशी म्हणा, तांदळाची भाकरी कशी थापतात ते विचारा. उकड काढून मळायची असते. जोंधळ्याच्या भाकरीचा हात तिथे चालत नाही, मला वर्ष लागलं.

यंदा होळीच्या आधी गावाला जत्रेला जाणार असाल तर वाकळेसाठी आजी-सासूची सुती लुगडी मागून आणा. पिशवीत जागा उरली तर जोंधळा घ्या, पायलीभर.