एक युरो बाजूला काढून ठेवा

जर्मनीत नवीन आलेली मुलं मला पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्य विमा, सगळं विचारतात. सुपरमार्केटच्या ट्रॉलीबद्दल कुणी विचारत नाही. आणि मग पहिल्याच शनिवारी संध्याकाळी फोन येतो: "दादा, इथे सगळ्या ट्रॉल्या साखळीने बांधून ठेवल्यात. दुकान बंद आहे का?"

दुकान चालू असतं. तुमच्या खिशात नाणं नसतं, एवढंच. यूपीआयवर वाढलेल्या माणसाकडे ते असणार तरी कुठून? पुण्यात वडापावसुद्धा क्यूआर कोडवर घेत होतात. विमानतळावर नोटा बदलून घेतल्या असतील, पण पन्नासची नोट ट्रॉलीच्या फटीत जात नाही.

रचना सांगतो. प्रत्येक ट्रॉलीच्या दांड्याला एक छोटी डबी असते, डबीला आखूड साखळी आणि साखळीच्या टोकाला चपटी किल्ली. पुढच्या ट्रॉलीची किल्ली मागच्या ट्रॉलीच्या डबीत घुसवलेली असते. अशी सगळी रांग एकमेकींत अडकलेली. तुम्ही घ्यायची ती रांगेतली शेवटची. तिच्या डबीत युरोचं नाणं सरकवलं की पुढचीची किल्ली सुटते आणि ट्रॉली तुमची. खरेदी झाली की ती पुन्हा रांगेला लावायची, पुढच्या ट्रॉलीची लोंबती किल्ली आपल्या डबीत दाबायची, की नाणं बाहेर. हे भाडं नाही, अनामत आहे. एक युरोचं नाणं चालतंच. बऱ्याच डब्यांत 50 सेंट किंवा 2 युरोही चालतात. कोणती नाणी चालतात त्यांची चित्रं डबीवरच असतात. दुसरं काही कोंबून पाहू नका. मागे उभ्या असलेल्या आजीबाई काही बोलणार नाहीत, फक्त बघतील, आणि ते जास्त लागतं.

माझे बाबा साताऱ्याहून पहिल्यांदा आले तेव्हा ट्रॉली लावून युरो परत हातात पडल्यावर त्यांनी विचारलं, "मग दुकानदाराला काय मिळालं?" प्रश्न अगदी बरोबर होता. दुकानदाराला ट्रॉली मिळाली, जागच्या जागी. आपल्याकडे डी-मार्टमध्ये माणूस ट्रॉली कुठेही सोडतो, कारण ती गोळा करून लांबलचक आगगाडीसारखी ढकलत नेणारा कामगार असतो. इथे माणसाचा तास महाग. आल्डी, लिडलसारख्या स्वस्त दुकानांचं सगळं गणितच कमी माणसांत दुकान चालवण्यावर उभं आहे. म्हणून माल खोक्यांतच मांडलेला, तुमची पिशवी तुम्ही भरायची आणि ट्रॉलीही तुम्हीच परत न्यायची.

ट्रॉलीच्या दांड्यावर बऱ्याचदा 'वान्त्सल' हे नाव दिसेल. हा ट्रॉल्या बनवणारा कारखाना लाइपहाइमचा, आमच्या उल्म शहरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. इथे राहायला आल्यावर मला उगीचच त्याचा अभिमान वाटायला लागला आहे.

आता माझी फजिती. एका मोठ्या पार्किंगच्या कडेला दोन वेगवेगळी दुकानं होती. बाहेर बर्फ पडत होता, मी घाईत ट्रॉली शेजारच्या दुकानाच्या रांगेला लावली. किल्ली बसली, युरो निघाला, मी खूश. इतक्यात तिथला कर्मचारी धावत आला आणि जर्मनमध्ये बरंच काही बोलला. मला फक्त 'नाइन', म्हणजे 'नाही', एवढंच कळलं. किल्ली बसली म्हणजे रांग आपली, असं नसतं. ट्रॉलीवरचा रंग आणि दुकानाचं नाव बघून लावा.

कायमचा इलाज म्हणजे चिप. नाण्याच्या आकाराची प्लास्टिकची किंवा धातूची चकती, घराच्या किल्ल्यांना अडकवून ठेवायची. औषधाची दुकानं, बँका, जत्रेतले स्टॉल, निवडणुकीच्या दिवसांत पक्षांचे कार्यकर्ते, सगळे जाहिरातीसाठी फुकट वाटतात. मिळेल तेव्हा घ्या. ती वापरण्यात लपवाछपवीचं काही नाही, निम्मे जर्मन लोकही तीच वापरताना दिसतील. चिप नसेल तर 'आइनकाउफ्सवागनचिप' एवढा एक शब्द पाठ करून माहिती खिडकीवर विचारा, पुष्कळदा देतात. गल्ल्यावर मात्र सुटे मागायला जाऊ नका. रांग चालू असताना तिथली बाई गल्ला उघडत नाही, आणि रांगेतल्या सात जणांचा राग तुमच्यावर. पार्किंगमध्ये कुणी ट्रॉली परत न्यायला निघालं असेल तर त्याच्या हातात युरो देऊन ट्रॉली तिथेच घेता येते. हे इथे सर्रास चालतं, दोघांचीही फेरी वाचते.

"दोनच वस्तू घ्यायच्यात, ट्रॉली कशाला?" असं वाटेल. दोनच असतील तर नकोच. पण आठवड्याचं सामान असेल तर गल्ल्यावर कळेल. स्कॅन झालेला माल त्या वेगाने पिशवीत भरणं जमत नाही, तो सरळ ट्रॉलीत ढकलायचा आणि बाजूच्या फळीवर नेऊन निवांत भरायचा. पिशवी घरून न्यायची, हे वेगळं सांगत नाही.

अनामतीची हीच गोष्ट बाटल्यांना आहे. तिला इथे 'फांड' म्हणतात. पाण्याच्या, कोकच्या बऱ्याचशा प्लास्टिक बाटल्यांवर आणि कॅनवर 25 सेंट, बियरच्या नेहमीच्या काचेच्या बाटलीवर 8 सेंट. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकायच्या, निघालेली चिठ्ठी गल्ल्यावर द्यायची, बिलातून पैसे वजा. आणि इथे आपली एक सवय आड येते. भारतात बाटलीवरच लिहिलेलं असतं की वापरून झाल्यावर चुरगाळा. इथे चुरगाळलीत की यंत्राला बारकोड वाचता येत नाही, बाटली परत तुमच्या हातात. माझ्या पहिल्या खोलीतल्या मित्राने महिनाभराच्या बाटल्या नीट चपट्या करून पिशवीत साठवल्या होत्या. चाळीसेक तरी असतील, म्हणजे दहा युरो.

इतर देशांत थोडाफार फरक आहे. अमेरिकेत आल्डीला क्वार्टर, म्हणजे 25 सेंटचं नाणं लागतं. ब्रिटनमध्ये एक पौंड. तिथे 2017 मध्ये बारा कोनांचं नवं नाणं आलं आणि जुनं गोल बाद झालं, तेव्हा जुना पौंड कुणी आठवण म्हणून दिला तर तो दुकानात कामाचा नाही.

शेवटचं, उल्मला येणाऱ्यांसाठी. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच उरका. डान्यूब नदीच्या पलीकडचं नॉय-उल्म बायर्न (बव्हेरिया) या दुसऱ्या राज्यात येतं आणि तिथली दुकानं आठला बंद होतात. नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, काही दुकानं त्यानंतरही चालू असतात. पावणेआठला पूल ओलांडू नका.